निगेटिव्हचे डबे संपेपर्यंत

बदलीचा कागद हातात पडला त्या दिवशी मी ऑफिसातून येताना अर्धा किलो इमरती घेऊन आले. बाबांना इमरती आवडते, आणि मला बातमी सांगायला काहीतरी निमित्त हवं होतं. बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला, कागद चष्म्याजवळ धरून वरपासून खालच्या सहीपर्यंत वाचला आणि म्हणाले, "अच्छा. पुणे."

"हो, पुणे. मिळाली एकदाची."

"मग जाऊ की," बाबा म्हणाले. "फक्त आधी ते निगेटिव्हचे डबे उरकून टाकू. तसेच नेले तर वाटेतच वाट लागेल त्यांची."

मला 'जाऊ की' एवढंच ऐकू आलं. पुढचं वाक्य ऐकायला मी जागेवर होतेच कुठे? पुण्यातल्या धाकट्या बहिणीला फोन लावून मी गच्चीवर पोचलेसुद्धा होते.

मी केंद्र सरकारच्या हिशेब बघणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करते. लग्न केलं नाही. का नाही, ते सांगायला बसले तर ही गोष्ट बाजूला राहील. चार वर्षांची असताना आईबाबांबरोबर सांगलीहून लखनौला आले. बाबा वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होते. आधी भाड्याच्या घरात आणि मग अलीगंजमधल्या स्वतःच्या घरात, मागच्या खोलीत, मी शाळा केली, कॉलेज केलं, नोकरी केली आणि केस पांढरे केले. तरी कॉलनीत मी 'बिटिया'च राहिले. भाजीवाल्यापासून समोरच्या भाभीजींपर्यंत सगळ्यांना मी 'डॉक्टर साहब की बिटिया'. पन्नाशी उलटलेल्या बाईला दिवसातून दहा वेळा कुणी बिटिया म्हटलं की तिच्या अंगाचा कसा तिळपापड होतो, हे ज्याला कुणी तसं म्हणत नाही त्याला कळायचं नाही. लाडाने म्हणतात, म्हणून बोलायचीही सोय नाही.

पुण्यात जाऊन मी मोठे दिवे लावणार होते असं नाही. मला एक कुलूप हवं होतं, ज्याची किल्ली फक्त माझ्याकडे असेल. संध्याकाळी उशीर झाला तर कुणाला कारण द्यायला लागू नये, एवढंच. बाबा बहिणीकडे राहतील, मी जवळच वेगळी जागा घेईन, असं माझ्या मनात होतं. ही बदली मी पूर्वीही मागितली होती. एकदा आईच्या आजारपणात, एकदा आई गेल्यावर, एकदा बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मी स्वतःच्या हाताने अर्ज मागे घेतला. ह्या वेळी साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं, "मैडम, जून के आखिर तक जॉइन कर लीजिए. नहीं तो ये सीट किसी और को चली जाएगी, और फिर रिटायरमेंट तक आप यहीं रहेंगी."

म्हणजे जूनअखेर. त्याच्या आत बाबा आणि मी पुण्यात पोचायला हवं. आणि त्याच्याही आत डबे संपायला हवेत.

डबे म्हणजे बिस्किटांचे आणि चहाचे पत्र्याचे डबे, बाबांच्या कपाटात खालच्या दोन खणांत. बाबा संस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली पानांचे नि खोडांचे काप ठेवून फोटो काढायचे, फिल्म स्वतः धुवायचे. त्यामुळे घरचे फोटोही स्वतःच धुवायची सवय लागली. फिल्म धुऊन झाली की तिच्या पट्ट्या कापायच्या, बटर पेपरच्या पाकिटात घालायच्या, पाकिटं डब्यात, डब्यात ओल शोषून घेणारी पुडी, आणि डबा बंद. कागदावर छापलेले फोटो फारच थोडे. छापण्याचा खर्च कशाला, निगेटिव्ह आहेत ना, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे माझं सगळं बालपण त्या डब्यांत होतं आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

गोमती नगरातल्या एका स्टुडिओवाल्याने धंदा बंद करताना काढून टाकलेला स्कॅनर मी घेतला. झाकणात दिवा असतो तो. पट्ट्या बसवायला एक प्लास्टिकची चौकट मिळते, ती काचेवर ठेवायची, झाकण लावायचं, की आत उजेड सरकत जातो आणि बराच वेळ कुरकुरून झाल्यावर एकेक चित्र कॉम्प्युटरवर उतरतं. मला वाटलं, दोन-तीन रविवारांचं काम. वाटायला काय जातं?

कामाची वाटणी बाबांनी केली. "पट्ट्या मी लावून देतो," ते म्हणाले. "तुझ्या बोटांचे ठसे उमटतील." त्यांनी ट्रंकेतून पांढरे सुती हातमोजे काढले, खिडकीशी खुर्ची ओढली आणि एकेक पट्टी चिमटीत धरून उजेडासमोर बघायला लागले. बघायची, ब्रशने झटकायची, मग चौकटीत. काही पट्ट्या बघून ते मान हलवायचे. "ही खराब झालीये. बुरशी आहे." आणि ती पट्टी बाजूच्या जाड पाकिटात जायची. चौकट भरली की माझ्या हातात. मी ती काचेवर ठेवायची, बटण दाबायचं आणि वाट बघायची.

पंखा बंद. पट्ट्या उडतात आणि धूळ बसते म्हणून पंखा बंद. कूलरही नाही, कारण ओलसर हवेने फिल्म चिकटते. लखनौच्या मे महिन्यात, खिडक्यांना जाड पडदे लावलेल्या खोलीत, फक्त बाबांच्या बाजूचा पडदा हातभर सरकवलेला, आणि पंखा बंद. मी ऑफिसातून येऊन, चहा पिऊन, घामाने थबथबून त्या स्कॅनरसमोर बसायचे. मागे बाबा. त्यांना घाम येत नसे की काय कोण जाणे. माझ्या खांद्यावरून ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहायचे, आणि चित्र उमटलं की त्याची हकिगत सुरू व्हायची. ही बाग कुठली, हे झाड कुठलं, झाडाचं लॅटिन नाव काय, ते झाड पुढे कुणी तोडलं. मी पुढचं बटण दाबू का असं विचारलं की म्हणायचे, "थांब जरा. नीट बघू दे."

एक डबा संपला की दुसरा निघायचा. खालचे दोन खण संपले तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला, तर बाबांनी पलंगाखालून आणखी एक ट्रंक ओढली. मी त्या ट्रंकेकडे बघत उभी राहिले. मला ओरडायचं होतं. मी म्हटलं, "चहा करू का?"

मध्येच एका रविवारी समोरच्या भाभीजी आल्या. खोलीतला उकाडा बघून त्यांनी पदरानेच वारा घ्यायला सुरुवात केली. "बिटिया, अंकल को इस उमर में कहाँ ले जा रही हो? यहाँ सब जानने वाले हैं. वहाँ फ्लैट में बंद हो जाएँगे बेचारे."

मी म्हटलं, "भाभीजी, बंद तो हम यहाँ भी हैं."

त्या हसल्या. त्यांना ती गंमत वाटली. बाबा हातमोजे घातलेले हात मांडीवर ठेवून मंद हसत होते, आणि मला त्या हसण्याचा अतोनात राग आला. भाभीजींना एका शब्दाने सांगता आलं असतं त्यांना, की मी माझ्या मर्जीने जातोय. पण नाही. बिटिया म्हाताऱ्या बापाला ओढत नेतेय, हे चित्र त्यांनी तसंच राहू दिलं.

आणि तरीही त्या खोलीत मी बसून राहिले, ते आईमुळे. खरं सांगायचं तर पट्ट्यांमधून आई निघायला लागली तेव्हा मला उकाडा काही वेळ विसरायला व्हायचा. लखनौच्या पहिल्या वर्षांतली आई मला आठवतच नव्हती. भाड्याच्या घराच्या अंगणात उभी, कडेवर धाकटी. बागेत हिरवळीवर बसलेली, समोर डबा उघडलेला. चेहरा ओळखीचा आणि तरी कुठेतरी निराळा. तरुणपणी माणूस असंच दिसत असेल, असं मी मनाशी म्हटलं. माझे स्वतःचे लहानपणचे फोटो मात्र अगदी माझ्यासारखेच वाटत होते.

मग मला पदर दिसला. आईचा पदर उजव्या खांद्यावर होता. एका फोटोत नाही, सगळ्या फोटोंत. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर. इथल्या बायका सीधा पल्ला घेतात, म्हणजे पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे आणायचा आणि छातीवर पसरायचा. आईचा धड तसाही नव्हता. पुढे पसरलेला नाही, मागेच सोडलेला, पण खांदा उजवा. नवी बाई इथली रीत शिकायला बघतेय आणि अर्धीच जमलीये, असं ते दिसत होतं.

मी खूप हेलावले त्याने. माझ्या आठवणीतल्या आईने शेवटपर्यंत डाव्या खांद्यावरच पदर घेतला, इथल्या लग्नांतसुद्धा. म्हणजे सुरुवातीला तिने प्रयत्न केला होता तर. शेजारणींमध्ये मिसळायचं म्हणून आरशासमोर उभं राहून पदराची बाजू बदलली असेल, कुणीतरी हसलं असेल, मग सोडून दिलं असेल. आईला परत सांगलीला जायचं होतं. दर उन्हाळ्यात ती बाबांना विचारायची, आणि बाबा म्हणायचे, निवृत्त झालो की जाऊ की. मग निवृत्त झाले. मग ती आजारी पडली. ती इथेच गेली. त्या उजव्या खांद्यावरच्या पदराकडे बघत मी पाहिजे ते सगळं रचत गेले.

मी बाबांना विचारलं, "आई सुरुवातीला सीधा पल्ला घ्यायची का हो?"

बाबा जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "घेत असेल," ते म्हणाले. "मला बायकांच्या साड्यांतलं काय कळतंय?"

मी त्यातला एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली चार ओळी लिहिल्या, आईने इथे रुजायचा कसा प्रयत्न केला वगैरे. बहिणीने रडणारे चेहरे पाठवले. मावशी सांगलीला असते, तिला टाइप करायचा कंटाळा, ती बोलूनच पाठवते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून घरी आल्यावर मी तिचा निरोप ऐकला. बाबा पार्कात फिरायला गेले होते.

"अगं, कसला रुजायचा प्रयत्न?" मावशी म्हणत होती. "हिची चमकी बघ. डाव्या नाकपुडीत होती तिची चमकी. मी स्वतः तिच्याबरोबर सोनाराकडे गेले होते टोचायला, केवढी ओरडली होती ती. ही उजवीकडे कशी गेली? पदराची बाजू माणूस बदलेल, नाक कसं बदलेल गं? फोटो उलटा आलाय तुझा."

मी फोटो मोठा करून बघितला. चमकी उजवीकडे. मग बाकीचे फोटो उघडले. बाबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे. घड्याळ उजव्या मनगटावर. संस्थेतल्या सहलीचा एक फोटो होता, त्यात ओळीने उभ्या असलेल्या सगळ्या शास्त्रज्ञांचे खिसे उजवीकडे, सगळ्यांची पेनं उजवीकडे. मला आधी हसूच आलं. एवढे दिवस मी समोर बसून हे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग आईची ती रचलेली सगळी गोष्ट कोसळली आणि हसू गेलं. आईने काहीही बदललं नव्हतं. ती होती तशीच होती, डाव्या खांद्यावर पदर घेऊन, आणि मी तिच्यासाठी उगीच डोळे पुसले होते.

मला वाटलं, स्कॅनरमध्ये दोष आहे. किंवा पट्टी लावायची बाजू चुकतेय. पट्टीची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. कुठली वर ठेवायची ते मला माहीत नव्हतं, कारण चौकट नेहमी बाबाच भरून द्यायचे. करून बघायचं ठरवलं. चांगल्या पट्टीला हात लावायला नको म्हणून बाबांनी बाजूला काढलेलं 'खराब' पट्ट्यांचं पाकीट घेतलं. त्यातली एक काढली आणि चौकटीत राहिलेली कालची पट्टी होती तशाच बाजूने लावली.

चित्र उमटलं तेव्हा मी बुरशी शोधत होते. बुरशी नव्हती. स्वच्छ, लख्ख फोटो होता. रेल्वे स्टेशनची पाटी, पाटीखाली बिछान्याच्या वळकटीवर बसलेली मी. पाटीवरची अक्षरं उलटी. मी पट्टी काढली, पालथी केली, पुन्हा लावली. अक्षरं सुलटी आली. म्हणजे बाजूच चुकत होती. एवढं समजल्यावर थांबायला हरकत नव्हती, पण ही पट्टी खराब का म्हटली असेल, ह्याने मला चैन पडेना. मी दुसरी काढली. तीही स्वच्छ. भाड्याच्या घराचं दार, दारावर बाबांच्या नावाची पाटी. तिसरी, संस्थेचा वार्षिक समारंभ, मागे कापडी फलक. पुढची, हजरतगंजमधलं एक दुकान. त्याच्या पुढची, शाळेचं फाटक. पाकिटातल्या प्रत्येक पट्टीत कुठे ना कुठे अक्षरं होती.

जिथे अक्षरं होती त्या पट्ट्या बाबांनी मला दाखवल्याच नव्हत्या. अक्षरं उलटी दिसली असती तर मला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

उभं आयुष्य काचेवर पातळ काप ठेवून, त्याची वरची बाजू कुठली नि खालची कुठली हे बघण्यात घालवलेला माणूस. तो माझ्या मागे खुर्चीत बसून दररोज स्वतःच्या बायकोला उलटं बघत होता आणि म्हणत होता, थांब जरा, नीट बघू दे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती गेली. मी उठून पंखा पूर्ण वेगाने लावला. बटर पेपरची पाकिटं खोलीभर उडाली. मी ती उचलली नाहीत.

बाबा आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवी होती, खरबुजाची. पाकिटं बघून ते दारातच थांबले. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे मी स्टेशनचा फोटो लावून ठेवला होता. त्यांनी पिशवी हळूच जमिनीवर ठेवली आणि आपल्या खुर्चीत बसले. आव आणता आला असता, पण त्यांनी आणला नाही. तेवढं मी मानते.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी खरंच चुकलं गं. आता बोटांना आणि डोळ्यांना बाजू कळत नाही पटकन. दुसऱ्या दिवशी तिची चमकी दिसली तेव्हा लक्षात आलं."

"आणि मग?"

"मग तसंच लावत गेलो."

 बाबांनी हातरुमाल काढून मान पुसली. त्यांनाही घाम येत होता तर. मग ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार." त्या आवाजात ओशाळेपणा होता, पण आशाही होती. ती मला स्पष्ट ऐकू आली आणि माझं डोकंच फिरलं.

"काही करावं लागणार नाही," मी म्हटलं. "इकडे बघा."

मी सगळ्या फोल्डरमधली सगळी चित्रं एकदम निवडली आणि आडवी उलटवायची आज्ञा दिली. पडद्यावर काम किती झालं ते दाखवणारा पट्टा सरकत सरकत शेवटाला गेला. एवढंच. मी एकेक उघडून दाखवत गेले. खिसे डावीकडे गेले, घड्याळं डावीकडे गेली. आई तिच्या जागी आली.

"सगळे झाले?" बाबांनी विचारलं.

"सगळे."

"इतकं सोपं असतं ते?" ते म्हणाले. म्हातारपणी कुणी हातातली काठी काढून घ्यावी तसा त्यांचा चेहरा झाला. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"बाबा, तुम्हाला पुण्याला यायचं नाही ना?"

"नाही."

इतका छोटा शब्द. उकाड्यात बसवलेल्या त्या सगळ्या संध्याकाळींत एकदा तो तोंडातून निघाला असता तर काय बिघडलं असतं?

"मग एवढे दिवस मूग गिळून का बसलात? मला त्या बदलीच्या दिवशीच सांगायचं. आईलाही तुम्ही असंच केलंत. जाऊ की, जाऊ की. ती बिचारी शेवटपर्यंत धरून चालली होती की तुम्ही तिला नेणार आहात."

मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. समोरच्या घरातही ऐकू गेलं असणार, कारण तिथला टीव्ही बंद झाला.

बाबा खाली बघत म्हणाले, "तिला मी नाही म्हणू शकलो नाही. आणि नेऊही शकलो नाही. इथे माझं काम होतं, माणसं होती. तिकडे मी कोण?" मग त्यांनी मान वर केली. "तुला नाही म्हणालो असतो तर तू काय केलं असतंस? अर्ज मागे घेतला असतास. पुन्हा एकदा, माझ्यासाठी. ते मला नको होतं. म्हटलं, डब्यांच्या नादात तारीख आपसूक निघून जाईल. मग कुणी कुणाला नाही म्हणायला नको."

म्हणजे माझी बदली बुडायचीच होती, फक्त कुणाच्या हातून बुडली ते कळायला नको होतं. आणि ते हे माझ्या भल्याचं म्हणून सांगत होते. मला हसावं की स्कॅनर उचलून आपटावा, समजेना.

"तू जा," बाबा म्हणाले. "मनापासून सांगतोय. मी राहतो इथे. वरचे भाडेकरू चांगले आहेत, स्वयंपाकाला बाई आहे, समोर भाभीजी आहेत. तू जा."

हे दोन शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, ते माझं मला माहीत. ऑफिसात, रिक्षात, त्या मागच्या खोलीत मी ते मनातल्या मनात त्यांच्याकडून वदवून घेतले होते आणि नंतर मी काय काय करीन तेही ठरवून ठेवलं होतं. आणि आता ते खरंच बोलले, तर माझ्या तोंडून काय निघावं?

"तुम्हाला एकटं टाकून?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"बघ," ते म्हणाले. "म्हणून सांगितलं नव्हतं."

मी रडले, भरपूर रडले. बाबा उठले, त्यांनी पंखा कमी केला, वाकून एकेक पाकीट गोळा केलं. मग आम्ही खरबूज खाल्लं. गोड नव्हतं.

त्या रात्री नाही, पण आठवड्याभरात मी ठरवलं की जायचं. ठरवणं हा शब्द मोठा आहे. मला भीती वाटली की आणखी एक संध्याकाळ त्या खोलीत बसले तर मी उठणारच नाही. पुण्याला रुजू होते म्हणून ऑफिसात कळवलं, भाडेकरूंना बाबांच्या औषधांच्या वेळा समजावल्या, भाभीजींच्या हाती घराची एक किल्ली दिली. "जाओ बिटिया," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी नजर वळवली. बाबा स्टेशनवर आले होते. गाडी हलेपर्यंत ते डब्याच्या दाराशी उभे होते आणि मला बाटलीतलं पाणी संपलं तर कुठल्या स्टेशनावर भरून घ्यायचं ते सांगत होते.

आता मी पुण्यात आहे. भाड्याची एक लहानशी जागा आहे, बहिणीच्या घरापासून जवळ. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे. दुकानात मला काकू म्हणतात, मॅडम म्हणतात, बिटिया कुणी म्हणत नाही. बाबा रोज संध्याकाळी फोन करतात. त्यांनी वेळ अशी सांगितलेली नाही. कधी सहाला, कधी आठला, पार्कातून ते परत येतील तेव्हा. एकदा त्यांनी केला आणि मला उचलता आला नाही, भाजी आणायला गेले होते, आणि मग मी लावला तर त्यांचा लागेना. तो तासभर मी कसा काढला ते सांगत नाही. तिकडे लाइट गेली होती, एवढंच होतं.

फोनवर ते बेताचंच बोलतात. जेवलात का, गुडघा कसा आहे, बाई आली होती का, हे मी विचारते. फोन ठेवायच्या आधी एकच प्रश्न ते विचारतात, आणि तो विचारताना त्यांचा आवाज बदलतो, जरा तरतरीत होतो. "मग? आज कुठे गेली होतीस?"

ह्या एका प्रश्नासाठी तो माणूस तिकडे एकटा राहिला आहे. म्हणून मी सांगते. बहिणीबरोबर बागेत गेले होते. ऑफिसातल्या बायकांबरोबर नाटकाला गेले होते. परवा म्हटलं, पर्वती चढले. त्यांना फार आनंद झाला. पायऱ्या चढता येतात का अजून, दम लागला का, वरून काय काय दिसलं, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं.

ऑफिस सुटलं की मी रोज सरळ घरी येते, दाराला आतून कडी लावते आणि त्यांचा फोन येईपर्यंत बसून राहते.